‘लक्ष दे’ म्हणता, मग लक्ष द्यायला शिकवाही : क्रीडाशिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या शाळा, तालमी, क्रीडा मंडळं आणि अकादम्यांमधले सर्व क्रीडाशिक्षक व मार्गदर्शक यांस,



पत्रास कारण की, शालेय स्पर्धांचा हंगाम आला की राज्यातल्या कुठल्याही मैदानाच्या कडेला एक वाक्य हमखास कानावर पडतं. “अगं, लक्ष कुठंय तुझं?” परंडा तालुक्यातल्या सोनारीसारख्या गावात फक्की टाकून आखलेलं मैदान असो, जिल्ह्याचं क्रीडा संकुल असो की बालेवाडीतली मॅट, वाक्य तेच. त्याच्या मागोमाग “डोकं जाग्यावर ठेव”, “फोकस कर”, “टेन्शन घेऊ नको” ही भावंडंही येतात. सूचना चुकीची नाही. मुलीचं लक्ष खरंच उडालेलं असतं आणि ते तुम्हाला कडेवरून दिसलेलं असतं. तक्रार एवढीच, की खांबावर सूर कसा मारायचा हे तुम्ही शंभरदा करून दाखवता, हुलकावणी देताना पाय कुठे टाकायचा हे हाताला धरून शिकवता, पण सुटलेलं लक्ष परत कसं आणायचं हे मात्र कोणीच करून दाखवत नाही. ते मुलांना आपोआप यावं अशी अपेक्षा असते. आलं नाही तर ओरडा बसतो.

हे पत्र धाराशिव जिल्ह्यातून निघतंय, म्हणून उदाहरण खो-खोचंच घेऊ. या जिल्ह्याला खो-खो नवा नाही. महागडं साहित्य लागत नाही, दोन खांब आणि मोकळी जागा पुरते, म्हणून दुष्काळी पट्ट्यातल्या शाळांनी हा खेळ जिवापाड जपला. त्यातूनच सारिका काळे घडली. २०१६ च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार तब्बल २२ वर्षांनी आला होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांनी ५४-३६ असं. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, आणि महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे. पाय, दम, चपळाई या बाबतीत इथल्या मुली कोणाला ऐकत नाहीत.

आता मधल्या पाटीवर बसलेल्या एका मुलीकडे जरा जवळून पाहा. चौकोनात ती उकिडवी बसली आहे. शेजारणींची तोंडं तिच्या उलट दिशेला. अर्धं मैदान तिच्या डोळ्यांसमोर आणि अर्धं पाठीमागे. आपल्या संघाची धावणारी मुलगी कधी दिसते, कधी नुसती पावलांच्या आवाजावरून कळते. कडेला दोन्ही संघांचे लोक ओरडताहेत. पाठीला हात लागतो आणि ‘खो’ ऐकू येतो, त्या क्षणी तिला उठायचं आहे. आधी उठली तर फाऊल. अर्ध्या क्षणाने उशीर झाला तर समोरचा गडी गेलाच. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही, आणि मधली पाटी ओलांडायची सोय नाही. म्हणजे निर्णय एकदाच घ्यायचा, तोही उठता उठता. अशात तीन मिनिटं तिला एकही खो मिळत नाही. ती बसून आहे. मघाशी तिच्या हातून सुटलेला गडी मनात घोळतोय, बाबा कडेला उभे आहेत, सर काय म्हणतील याची धास्ती आहे. चौथ्या मिनिटाला खो येतो, तेव्हा ती मनाने चौकोनात नसतेच.

तुमचं “लक्ष दे” तिला ऐकू येतं. लक्ष गेलं होतं हेही तिला त्यामुळे कळतं. पण पुढे काय करायचं, हे तिच्याकडे नाही.

ते शिकवता येतं. श्वासावर लक्ष ठेवणं, ते भरकटलं की ओळखणं आणि मुकाट परत आणणं, ही ध्यानातली सर्वांत प्राथमिक क्रिया म्हणजे नेमकी हीच कसरत आहे. लक्ष सुटतं, ध्यानात येतं, परत येतं. दहा मिनिटांत ती मुलगी हे वीस-पंचवीस वेळा करते. बैठका मारून मांड्या तयार होतात, तशी ही परतीची सवय तयार होते. अध्यात्माचा अधिकार, दीक्षा, वैराग्य यातलं काही इथे लागत नाही.

पहिली तक्रार अशी, की मन हा सरावाचा विषय आहे हे आपल्या मैदानांनी अजून मानलेलंच नाही. मनाला आपण स्वभाव समजतो. ‘हा पोरगा थंड डोक्याचा’, ‘ही फार घाबरट’, असं एकदा ठरवलं की विषय संपतो. सचिन तेंडुलकरने निवृत्तीनंतर जाहीरपणे सांगितलंय, की कारकिर्दीतली दहा-बारा वर्षं सामन्याच्या आदल्या रात्री त्याला झोप लागत नसे. पुढे त्याने ते तयारीचाच भाग म्हणून स्वीकारलं. चहा करणं, कपड्यांना इस्त्री करणं, बॅग भरणं अशा साध्या कामांत मन गुंतवलं. आणि त्याच्या गुरूंनी, रमाकांत आचरेकर सरांनी, शिवाजी पार्कवर काय केलं होतं? स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवलं होतं. बाद करणाऱ्याला ते मिळायचं, सत्र संपेपर्यंत बाद झाला नाही तर सचिनला. दमलेल्या मुलाने शेवटच्या चेंडूपर्यंत लक्ष टिकवावं, म्हणून केलेली ती योजना होती. आचरेकर सरांनी ‘लक्ष दे’ म्हणण्यावर भागवलं नाही. लक्ष टिकवण्याचा सराव करून घेतला.

धाराशिवमध्येही हे घडलंय. पैशाच्या ओढाताणीला कंटाळून सारिका खेळ सोडण्यापर्यंत आली होती, तेव्हा तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घालून तिला मैदानावर परत आणलं. खेळाडूचं मन सांभाळणं हेही प्रशिक्षकाचंच काम आहे, हे तिथे एका माणसाने ओळखलं होतं. प्रत्येक गावात असा माणूस असेलच असं नाही, म्हणून ते कौशल्य सगळ्यांच्या हाती द्यायला हवं.

दुसरी तक्रार उद्घाटनाच्या भाषणांबद्दल. स्पर्धा तालुक्याची असो वा विभागाची, व्यासपीठावरून अर्जुनाच्या पोपटाची गोष्ट ठरलेली. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, फक्त डोळा दिसतो. गोष्ट उत्तम आहे. पण त्याच अर्जुनाची दुसरी गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात हाच धनुर्धर श्रीकृष्णापुढे कबूल करतो, की मन फार चंचल आहे, वाऱ्याला मुठीत धरण्याइतकं ते आवरणं अवघड. कृष्ण त्यावर रागावत नाही. ‘लक्ष कुठंय तुझं’ असंही म्हणत नाही. अवघड आहे हे मान्य करतो आणि दोन उपाय सांगतो, त्यातला पहिलाच अभ्यास, म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. पोपटाचा डोळा पाहणाऱ्यालाही हे जड गेलं, हे सातवीतल्या मुलीला कळलं तर तिला किती हायसं वाटेल! पहिली अर्धीच गोष्ट ऐकून ती घरी जाते, ती आपल्यातच काही खोट आहे असं समजून.

नेमबाजीकडे पाहा, म्हणजे श्वासाचं काम डोळ्यांनी दिसतं. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला लागला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी होती. पात्रता फेरीत ५९० गुणांसह तो सातवा आला होता. अंतिम फेरीतही गुडघ्यावर बसून मारलेल्या गोळ्यांनंतर तो सहाव्या स्थानावर होता. तिथून एकेक पायरी चढत, उभ्या स्थितीत तो तिसरा आला आणि ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन परतला. सामन्यानंतर त्याने जे सांगितलं ते प्रत्येक पीटीच्या सरांनी मुलांना सांगावं असं आहे. पोटात फक्त काळा चहा होता. छाती धडधडत होती. त्याने श्वास ताब्यात ठेवला, वेगळं काही करायला गेला नाही आणि गुणफलकाकडे पाहिलं नाही. म्हणजे भीती गेली नव्हतीच. भीती असतानाही लक्ष कुठे ठेवायचं, हे त्याला माहीत होतं.

यामागे चमत्कार नाही, शरीराची साधी रचना आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. म्हणून सावकाश, लांब सोडलेला श्वास शरीराला शांत करतो. रायफल धरणाऱ्याला तर स्वतःच्या ठोक्यानेही नळी हलल्याचं जाणवतं, त्यामुळे श्वास सोडून झाल्यावरच्या छोट्याशा विरामात तो चाप ओढतो. दुसरी गोष्ट डोळ्यांची. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंची नजर नेमकी कुठे आणि किती वेळ स्थिर राहते याचं मोजमाप केलं. निष्णात खेळाडूची नजर कृतीच्या आधी लक्ष्यावर जास्त वेळ निश्चल असते, नवख्याची भिरभिरते. बास्केटबॉलच्या फ्री थ्रोपासून नेमबाजीपर्यंत हे दिसून आलं आहे.

तिरंदाजीत एका गुणाची किंमत केवढी असते, तेही आठवा. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या १७ व्या वर्षी कंपाउंड प्रकाराचं सुवर्ण जिंकलं, अंतिम लढतीत १४९-१४७ असं. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढतीत पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारले. १५० पैकी १५०. प्रतिस्पर्धी १४९ वर होता. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली सराव करणारी. पंधरा बाणांत एकदा, फक्त एकदा, मन दुसरीकडे गेलं असतं तर ओजसच्या हातून सुवर्ण निसटू शकलं असतं.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी आहे, आणि ती तुमच्याबरोबर तुमच्या खात्याबद्दलही आहे. महाराष्ट्रात शाळा आणि क्रीडा यांचा कारभार वर्षानुवर्षं एकाच छताखाली राहिला : शालेय शिक्षण व क्रीडा विभाग. याच विभागाने इगतपुरीच्या विपश्यना संशोधन संस्थेबरोबर ‘मित्र उपक्रम’ सुरू केला. मुलांना आनापान शिकवायचं, म्हणजे नैसर्गिक श्वासाकडे नुसतं पाहायला शिकवायचं, आणि शाळा भरताना व सुटताना दहा-दहा मिनिटं सराव घ्यायचा, अशी त्याची साधी आखणी. शिक्षकांची त्यासाठी शिबिरंही झाली. म्हणजे पद्धत आहे, शिकवणारी माणसं आहेत, सरकारचा होकारही आहे. मग हे परिपाठाच्या ओट्यावरून पन्नास पावलांवरच्या मैदानापर्यंत का पोचत नाही? परिपाठाला डोळे मिटून बसलेली मुलगीच दुपारी खो-खोच्या पाटीवर बसते. सकाळची दहा मिनिटं दुपारी कुठे वापरायची, हे तिला सांगणारा माणूस तुम्हीच असू शकता. वर्गशिक्षकाला मैदान दिसत नाही. तुम्हाला दिसतं.

ज्या शाळांत हा उपक्रम सुरू झाला आणि मग वहीत नोंद करण्यापुरता उरला, तिथे तो जिवंत करायलाही तुमच्याइतका योग्य माणूस नाही. मुलं गणिताच्या सरांचं ऐकतात परीक्षेसाठी. पीटीच्या सरांचं ऐकतात ते आवडीने.

हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही, हेही सांगायला हवं. जगन्नाथ गणेश गुणे हे नाव आज थोड्यांना आठवेल, स्वामी कुवलयानंद म्हटलं की जास्त जणांना. बडोद्याला माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत अंग कमावलेला हा माणूस. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं, तिथे योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणं लावून तपासला, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. १९३० च्या दशकात मुंबई सरकारने नेमलेल्या शारीरिक शिक्षण समितीचे ते अध्यक्ष होते. आखाडा आणि योग, कवायत आणि श्वास यांची फारकत त्यांना मान्य नव्हती. त्यांच्याच महाराष्ट्रात शंभर वर्षांनंतर योग म्हणजे २१ जूनचा कार्यक्रम आणि खेळ म्हणजे ऑगस्टनंतरच्या स्पर्धा, अशी वाटणी झाली आहे.

२१ जूनबद्दल स्पष्टच बोलायला हवं. सतरंज्या अंथरून, पाहुणे बोलावून, फोटो काढून केलेल्या एका दिवसाने कोणाचंही लक्ष सुधारत नाही. अमेरिकेत मायामी विद्यापीठाच्या संशोधकांनी महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलच्या १०० खेळाडूंवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हंगामाआधीच्या कठोर सरावाचे चार आठवडे. काहींना सजग ध्यान शिकवलं, काहींना शरीर सैल सोडण्याचे व्यायाम. अतिश्रमाच्या त्या काळात एकूणच लक्ष घसरलं. पण ध्यानाच्या गटातल्या ज्यांनी नेमाने सराव केला, त्यांची घसरण कमी झाली. नुसतं नाव नोंदवणाऱ्यांना तो फायदा दिसला नाही. हे तुम्हाला नवल वाटायला नको. जोर-बैठकांचाही नियम हाच आहे.

अर्थात, या विषयावरचे बहुतेक अभ्यास लहान गटांवर झालेले आहेत आणि सगळ्यांचे निकाल सारखे नाहीत. म्हणून ‘ध्यान करा, पदक मिळवा’ असं मुलांना कृपा करून सांगू नका. शिकागो बुल्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी १९९० च्या दशकात जॉर्ज ममफर्ड नावाच्या शिक्षकाला बोलावून मायकेल जॉर्डनच्या संघाला ध्यान शिकवलं, हे खरं. पण जॉर्डन त्याआधीच जॉर्डन होता. ध्यान पायांना वेग देत नाही. आहे तो वेग ऐनवेळी वापरता यावा, एवढंच ते पाहतं. तालुका, जिल्हा, विभाग अशी पायरी चढताना आपल्या मुलांचं नेमकं इथेच अडतं. शाळेच्या मैदानावर बिनचूक खेळणारी मुलगी लातूर विभागाच्या सामन्यात पहिल्या दोन मिनिटांत गळपटते, तेव्हा तिचा सराव कुठेही गेलेला नसतो.

चौथी तक्रार कठोर वाटेल, पण ती टाळून हे पत्र पुरं होणार नाही. मैदानावर ओरडून, चारचौघांत अपमान करून, कधी हात उगारून लक्ष आणता येतं, ही समजूत अजून गेलेली नाही. तुमच्यातले अनेक जण असं करत नाहीत, उलट पदरमोड करून मुलांना बूट घेऊन देतात, मुक्कामाच्या स्पर्धेत मुलींच्या आयांना रोज फोन लावून देतात, हे सगळं गाव पाहतं. पण जिथे भीतीने काम चालतं, तिथे खेळाडूचं अर्धं लक्ष खेळावर आणि अर्धं सरांच्या चेहऱ्यावर असतं. सोनारीच्या काळभैरवनाथाच्या देवळाभोवती माकडांचा राबता आहे. चैत्रातल्या यात्रेला आलेला नवखा भाविक काठी उगारतो आणि ती जास्तच चेकाळतात, जाणता माणूस शांतपणे आपली पिशवी सांभाळून चालत राहतो. मन भरकटल्यावर त्याच्यावर खेकसलं तर तसंच होतं. ध्यानात पहिला धडाच हा असतो, की भरकटण्याबद्दल स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत. सर जर शिव्या देत असतील, तर मुलगी तो धडा शिकणार कुठून?

मुख्याध्यापकांच्या नजरेस हे पत्र पडलं तर त्यांनाही एक सांगणं आहे. दहावीचा पोर्शन राहिला की पहिला बळी पीटीच्या तासाचा जातो. तो थांबवा.

आता विनंत्या.

पहिली विनंती दहा मिनिटांची. रोज वॉर्म-अप झाला की मुलांना मैदानावरच बसवा. मांडी घालून, पाठ ताठ, हात मोकळे. नाकपुडीतून येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहायचा, तो लांबवायचा नाही, रोखायचा नाही. मन गेलं की परत यायचं. कुठलं नाव नको, मंत्र नको, चित्र नको. त्यामुळे कुठल्याही धर्माच्या घरातल्या मुलाला त्यात अडचण येणार नाही, आणि तसं पालकांना आधीच नीट सांगा. डोळे मिटून बसायला एखादं मूल घाबरत असेल, तर नजर समोरच्या मातीवर ठेवून बसू द्या. पहिल्या आठवड्यात मुलं हसतील, चुळबुळतील. चालू द्या.

दुसरी : बसून शिकलेलं खेळात आणा, नाहीतर ते परिपाठासारखं वेगळंच राहील. खो-खोच्या मुलांना आपापल्या चौकोनात बसवून दोन मिनिटं शांत राहू द्या, मग डोळे मिटूनच मागून येणारी पावलं नुसती ऐकायला सांगा, मग खो द्या. संरक्षणाला उतरणाऱ्या तिघींना मैदानात पाऊल टाकण्याआधी तीन सावकाश श्वास घेण्याची सवय लावा. गडी सुटल्यावर चौकोनात बसलेल्या मुलीने काय करायचं, तेही ठरवून द्या. एक लांब श्वास सोडायचा, तळपायाखालची माती जाणवू द्यायची, नजर समोर. पैलवान असेल तर सलामी देताना, कबड्डीपटू असेल तर चढाईला मध्यरेषा ओलांडण्याआधी हेच करायचं. प्रत्येक खेळाची मागणी निराळी आहे, हे तुम्ही जास्त जाणता. नेमबाजाला एका ठिपक्यावर लक्ष हवं, खो-खोवाल्याला सगळ्या मैदानावर पसरलेलं. एकाचा सराव दुसऱ्याला तसाच्या तसा लावू नका.

तिसरी विनंती, की तुम्ही स्वतः बसा. मुलांना डोळे मिटायला सांगून सर फोनवर बोलत कडेला फिरत राहिले, तर मुलं त्याच दिवशी ते ओळखतात. आनापानाचं शिबिर जवळपास कुठे असेल तर एकदा करून या. तुमच्या संघटनेने बी.पी.एड.च्या अभ्यासक्रमात आणि सेवेतल्या प्रशिक्षणात मनाच्या सरावाचे प्रत्यक्ष तास मागावेत, नुसतं क्रीडा मानसशास्त्राचं एक प्रकरण पाठ करून भागत नाही. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या उन्हाळी शिबिरांतही सकाळच्या सत्रात ही दहा मिनिटं यावीत.

चौथी, जपून वापरण्याबद्दल. काही मुलांचं लक्ष उडण्याचं कारण मन नसतं, रिकामं पोट असतं. सारिका काळेच्या लहानपणी घरात दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती, हे तिने स्वतः सांगितलंय. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल आजीजवळ राहून खेळत असेल, तर त्याला आधी जेवण आणि झोप मिळते का ते विचारा. आणि एखादं मूल सतत गप्प असेल, झोपत नसेल, जिवावर उदार झाल्यासारखं बोलत असेल, तर त्याला ध्यानाला बसवून मोकळे होऊ नका. त्याच्या घरच्यांशी बोला, डॉक्टरांकडे पाठवा. ध्यान हे औषध नाही.

शेवटची विनंती नोंदींची. तुम्ही मुलांच्या शंभर मीटरच्या वेळा लिहून ठेवता, संरक्षणाची मिनिटं लिहून ठेवता. तशीच एक वही या सरावाची ठेवा : कोण किती नेमाने बसलं, सामन्यात लवकर उठल्याचे फाऊल किती झाले, गडी सुटल्यानंतरच्या पुढच्या खोला काय झालं. एका हंगामाची अशी वही परंड्याची असेल, एक भूमची, एक कळंबची, तर आपल्या मुलांना याचा उपयोग होतो की नाही, हे मायामीला न विचारता आपल्याच मातीवर कळेल. उपयोग दिसला नाही तर तेही लिहा. पण करून पाहिल्याशिवाय ‘आपल्या पोरांना हे जमायचं नाही’ असं म्हणू नका. याच पोरांनी दिल्लीत विश्वचषक उचललाय.

येत्या हंगामाचं सरावाचं वेळापत्रक फळ्यावर लिहाल, तेव्हा वॉर्म-अपच्या ओळीखाली ही दहा मिनिटं लिहा, आणि पहिल्या दिवसापासून मुलांसोबत बसा.



आपला,
सोनारीतला एक क्रीडाप्रेमी पालक
मु. पो. सोनारी, ता. परंडा, जि. धाराशिव